हॅलोजनच्या जागी झेनॉन: नुसता बल्ब बदलून भागतं का?

निशिगंध

माझ्या गाडीला एच४ हॅलोजन आहेत, म्हणजे एकाच बल्बमध्ये डिपर (खाली पडणारा झोत) आणि अप्पर (लांबचा झोत). दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री उजेड पुरत नाही. रस्ता कोरडा असला तर निभतं, पण पाऊस पडून गेला की ओलं डांबर सगळा उजेड गिळून टाकतं. मधला पांढरा पट्टासुद्धा दिसत नाही, आणि गडद कपडे घालून कडेने चालणारा माणूस अगदी जवळ गेल्यावर दिसतो. हे मला धोक्याचं वाटतं, म्हणून काहीतरी करायचं नक्की ठरवलं आहे.

झेनॉनची किटं सर्रास मिळतात. जुना बल्ब काढा, त्याच खाचेत झेनॉनचा बसवा, बॅलास्ट, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, बॉनेटखाली कुठेतरी आवळून टाका, झालं. वीज ५५ ऐवजी ३५ वॉट आणि उजेड तिप्पट, असं डब्यावर लिहिलेलं असतं. ज्यांना गाडीतलं कळतं ते मात्र "नको" म्हणतात, आणि का विचारलं की "नियमात बसत नाही" एवढ्यावरच थांबतात. मला त्यामागचं कारण समजून घ्यायचंय. उजेड खरोखरच वाढत असेल तर बिघडतं कुठे? आणि किट लावायचं नाही तर मग करायचं काय?

भरधाव

बिनधास्त लावा. मी लावलेत, जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाडीपुढचा रस्ता लख्ख दिसतो. फक्त भलतंसलतं किट घेऊ नका, चांगल्या कंपनीचं घ्या. समोरचे डिपर मारायला लागले तर हेडलाइटचे स्क्रू फिरवून झोत जरा खाली घ्यायचा, की कोणाची तक्रार राहत नाही.

रातवा

निशिगंध, प्रश्न अगदी योग्य विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हेडलाइटमधला बल्ब फक्त उजेड तयार करतो. तो कुठे पडणार हे रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागचा वाटोळा आरसा, ठरवतो, आणि रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा एका ठराविक बल्बमधल्या ठराविक जागेवरच्या तारेसाठी आखलेला असतो. ती जागा मिलिमीटरच्या अंशाने हलली तरी झोताचा आकार बदलतो.

एच४ बल्ब कापडाने धरून उजेडात नीट बघा. आत दोन तारा दिसतील. त्यातल्या पुढच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती तार डिपरची. वाटीमुळे खालच्या बाजूला जाणारा उजेड अडतो, त्यामुळे डिपरवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग कामाला येतो आणि तिथून परतणारा उजेड खाली रस्त्यावर पडतो. भिंतीवर झोत मारला की उजेड आणि अंधार यांच्यामध्ये जी रेघ दिसते, ती या वाटीच्या कडेची करामत. मागच्या तारेला वाटी नाही, म्हणून अप्परवर अख्खा रिफ्लेक्टर उजळतो.

आता याच खाचेत झेनॉनची नळी घाला. तिच्यात तार नसते. दोन इलेक्ट्रोडच्या मधोमध वायूतून विजेची कमान पेटते. कंपनीतून येणाऱ्या डी२एस बल्बमध्ये हे अंतर ४.२ मिलिमीटर असतं. तापलेला वायू वर चढतो म्हणून कमान वरच्या अंगाला वाकते, आणि तिची दोन टोकं मधल्या भागापेक्षा जास्त तळपतात. तार सगळीकडे जवळपास सारखी उजळते, कमान तशी नाही. शिवाय बऱ्याच किटांमध्ये खालची वाटी नसतेच, असली तरी कमानीच्या मानाने चुकीच्या जागी असते. काही किटांत डिपर-अप्परसाठी चुंबकाने अख्खी नळी मागेपुढे सरकवतात. गाडीच्या धक्क्यांनी ती यंत्रणा सैल झाली की झोत रोज वेगळ्या जागी.

आकडे बघा. बल्बमधून बाहेर पडणारा एकूण उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. एच४ ची डिपरची तार १३.२ व्होल्टवर सुमारे १,००० ल्युमेन देते, अप्परची १,६५०. डी२एस देतो ३,२००. म्हणजे डब्यावरचं "तिप्पट" खोटं नाही. पण हा तिप्पट उजेड ज्या रिफ्लेक्टरमध्ये सोडताय तो त्याला आवरू शकत नाही.

आवरायचा म्हणजे किती, तेही सांगतो. डिपरच्या झोतासाठी संयुक्त राष्ट्रांचा ११२ क्रमांकाचा नियम आहे, बऱ्याच देशांत तोच किंवा त्याच्यावर बेतलेला नियम चालतो. त्यात आपल्या बाजूच्या रस्त्यावर लांबच्या एका ठराविक बिंदूला निदान १०,१०० कॅन्डेला (एका दिशेला जाणाऱ्या उजेडाची तीव्रता) मिळायला हवेत. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे जिथे येतात त्या बिंदूला मात्र ३५० पेक्षा जास्त चालत नाहीत. या दोन बिंदूंच्या उंचीत फरक आहे जेमतेम १.१४ अंशांचा. एवढ्या चिंचोळ्या जागेत उजेड जवळपास तीसपटीने उतरवायचा असतो, आणि ते काम रिफ्लेक्टर केवळ त्या तारेच्या भरवशावर करतो. तार गेली की तो भरवसाही गेला.

भरधाव

रातवा, माहिती छान. पण माझ्या गाडीला रिफ्लेक्टर नाहीत, एच७ चे (एकाच तारेच्या हॅलोजन बल्बचे) प्रोजेक्टर आहेत, म्हणजे पुढे गोल भिंग असलेले दिवे. त्यात झेनॉन टाकूनही भिंतीवर रेघ एकदम धारदार येते. मग माझ्याकडे तरी प्रश्न नाही ना?

काजवा

समोरून येणाऱ्याच्या बाजूने लिहिते. मी वयाने मोठी आहे आणि रात्री गाडी चालवणं हळूहळू कमी करत आणलं आहे. त्याचं पहिलं कारण म्हणजे समोरून अंगावर येणारे हे पांढरेनिळे दिवे.

वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग थोडं गढूळ होत जातं. प्रखर उजेड आला की तो भिंगात विखुरतो आणि नजरेसमोर पांढरट पडदा येतो. त्या वेळी समोरच्या गाडीच्या मागे कोण आहे, रस्त्याची कड कुठे संपते, काहीच कळत नाही. गाडी निघून गेल्यावरही काही क्षण अंधारीच राहते. तरुण डोळा लवकर सावरतो, आमचा नाही. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ते काही क्षण मी अंदाजाने चालवत असते, आणि त्याच रस्त्याच्या कडेने कोणी पायी चाललेलं असू शकतं. निशिगंध, तुम्हाला ज्या माणसाची काळजी वाटते, तोच माणूस किट लावलेल्या गाडीमुळे समोरच्याला दिसेनासा होतो.

भरधावदादा, तुम्हाला तक्रार ऐकू येत नाही याचा अर्थ त्रास होत नाही असा नाही. समोरून डिपर मारायला दर वेळी सुचतंच असं नाही. पुष्कळदा आम्ही नुसते डोळे बारीक करून कडेला होतो.

रातवा

काजवाताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. सगळे आकडे शेवटी यासाठीच आहेत.

भरधाव, प्रोजेक्टरमध्ये रेघ येणारच, कारण ती आतल्या पत्र्याच्या पडदीमुळे येते, बल्ब कोणताही असो. पण रेघ हा झोताचा फक्त वरचा काठ. रेघेच्या लगेच खाली सगळ्यात दाट उजेड हवा, तोच लांब जातो. हॅलोजनच्या प्रोजेक्टरमध्ये बल्बमागे जो वाटीसारखा आरसा असतो, तो तारेच्या मापाने आखलेला आहे. कमान घातली की तो दाट ठिपका पसरतो आणि उजेडाचा मोठा वाटा गाडीच्या नाकासमोर सांडतो.

इथेच डोळा फसतो. नाकासमोरचा रस्ता लख्ख झाला की वाटतं, काय झकास उजेड आहे! प्रत्यक्षात जवळच्या लखलखाटाने बाहुली आकसते, नजर तिथेच अडकते आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो. ८० च्या वेगाला थांबायला किती रस्ता लागतो ते मोजून बघा. लक्षात येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागून थांबायला आणखी ३५ च्या आसपास. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. म्हणजे जे दिसायला हवं ते ७० मीटरच्या पलीकडे. नाकासमोरच्या १५ मीटरमध्ये दिसलेली वस्तू तुम्ही चुकवू शकत नाही.

म्हणून झोत खाली करण्याचा सल्ला मला पटत नाही. हेडलाइट जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे आणि झोत १ टक्का उतरता आहे असं धरा, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर. रेघ रस्त्याला टेकते ७० मीटरवर. समोरच्याला त्रास नको म्हणून तोच झोत २ टक्क्यांवर आणला की रेघ टेकते ३५ मीटरवर. तिप्पट ल्युमेन घेऊन पल्ला निम्मा.

वळणवाट

वाचतोय, धागा फार कामाचा आहे. मधेच दोन शंका. ४३०० के आणि ६००० के यातलं चांगलं कोणतं? आणि धुक्यात पिवळा उजेड आरपार जातो म्हणतात, ते खरं का?

रातवा

केल्विन हा रंगाचा आकडा आहे, उजेडाचा नाही. हॅलोजन साधारण ३,२०० च्या आसपास, कंपनीतून येणारा झेनॉन ४,१०० ते ४,३०० च्या दरम्यान. तिथेच सगळ्यात जास्त ल्युमेन मिळतात. ६,००० आणि ८,००० साठी नळीतल्या क्षारांचं मिश्रण बदलतात, रंग निळसर होतो आणि ल्युमेन घटतात. तेवढ्याच तीव्रतेचा निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्यांना जास्त खुपतो, हेही आहेच.

धुक्याचं तुम्ही ऐकलंत ते तितकंसं बरोबर नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात कामाला येतो तो खाली बसवलेला, आडवा रुंद आणि वरून कापलेला झोत. उजेड नजरेच्या रेषेतून लांब राहिला की परत डोळ्यांवर येत नाही.

ओहमचा_नियम

उशिरा आलो, पण निशिगंध यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलं नाही, म्हणून लिहितो. किट नको तर काय? आधी मल्टिमीटर घ्या.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. वर रातवा यांनी दिलेले १,००० ल्युमेन १३.२ व्होल्टवरचे आहेत. तुमच्या बल्बपाशी १२.२ येत असतील तर व्होल्टेज घटलंय साडेसात टक्के, पण उजेड गेलाय जवळपास पाव हिस्सा. ११.५ येत असतील तर उरतो साधारण ६३ टक्के. जुन्या आणि साध्या वायरिंगच्या गाड्यांत हे सर्रास असतं. पुष्कळ गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमधून जातो. दोन्ही डिपर मिळून साडेआठ अँपिअर धरा. वाटेत बारीक तार, काळवंडलेले पॉइंट, सैल कनेक्टर, गंजलेलं अर्थिंग, या सगळ्यांचा मिळून ओहमचा फक्त दहावा भाग जरी रोध असला तरी ०.८५ व्होल्ट तिथेच खलास.

मोजायची पद्धत सांगतो. इंजिन चालू, डिपर चालू, कनेक्टर बल्बलाच लावलेला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं कनेक्टरच्या मागून आत सरकवून डिपरच्या पिनवर. जो आकडा येईल तो प्लसच्या वाटेवरचा घाटा. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं बल्बच्या अर्थच्या पिनवर, तो अर्थिंगचा घाटा. बल्ब काढून नुसत्या कनेक्टरवर मोजू नका. करंट वाहत नसेल तर वायरिंग कितीही कुजलेली असो, मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवेल.

दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घाटा असेल तर रिलेचं (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) वायरिंग करून घ्या. बॅटरीपासून जाड तार, २.५ चौरस मिलिमीटरची. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, डिपरला १५ अँपिअरचा. मग रिले, रिलेतून थेट बल्बला, आणि बल्बपासून तेवढीच जाड अर्थची तार. मूळची तार आता फक्त रिलेची कॉइल ओढते, स्विचवरचा भारही जातो. अप्परसाठी वेगळा रिले, वेगळा फ्यूज. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र हे काम इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल करतं आणि तुटलेल्या बल्बचा इशाराही तेच देतं. तिथे रिले घुसवायला जाऊ नका, मॉड्यूलला बल्ब गेल्यासारखं वाटतं. अशा गाड्यांत किट लावलं तर दिवे लुकलुकतात, तेही याच कारणाने. मॉड्यूल व्होल्टेज तुकड्या-तुकड्यांत देतं, आणि बॅलास्टला ते मानवत नाही.

झेनॉन ३५ वॉटचा, म्हणून वायरिंगवर भार कमी, हेही पुरतं खरं नाही. पेटताना बॅलास्ट २० हजार व्होल्टच्या पुढचा झटका देतो, आणि नळी तापेपर्यंत ३५ वॉटपेक्षा बरीच जास्त वीज ओढतो. त्यात व्होल्टेज पडलं तर बॅलास्ट करंट वाढवून घेतो. कुजक्या वायरिंगवर तो सुरू होता होता बंद पडतो.

निशिगंध

ओहम, मोजलं! इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९. डाव्या बल्बवर १२.४, उजव्यावर १२.१. उजवीकडे अर्थिंगचाच घाटा ०.७ निघाला. तिथला स्क्रू उघडून बघितला तर खाली हिरवट गंज आणि रंगाचा थर. म्हणजे इतके दिवस मी बल्बला दोष देत होते.

आता रिले केला तर बल्ब किती सुधारेल? आणि त्याऐवजी १००/९० वॉटचे बल्ब लावले तर?

ओहमचा_नियम

१२.१ वरून १३.५ पर्यंत आलात तर उजेड दीडपटीच्या जवळ जाईल. बल्बचं आयुष्य मात्र आत्ताच्या मानाने चौथ्या हिश्श्यावर येईल, कारण ते व्होल्टेजच्या १३ व्या घाताच्या आसपास घटतं. आत्ता तो अर्धपोटी चालतोय म्हणून खूप टिकतोय, एवढंच. जास्तीचा एक बल्ब गाडीत ठेवा.

१००/९० नको. प्लॅस्टिकचा होल्डर मऊ पडतो, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो, आणि एकदा रिफ्लेक्टर काळा पडला की कोणत्याही बल्बने तो सुधारत नाही. त्यापेक्षा ६०/५५ मधलेच, चांगल्या कंपनीचे "जास्त पल्ला" देणारे बल्ब बघा. त्यांत तार आखूड आणि दाट गुंडाळलेली असते, त्यामुळे झोताचा मधला भाग जास्त तळपतो. आयुष्य कमी, पण खाच आणि तारेची जागा नियमातलीच. निळ्या काचेचे "पांढरा उजेड" वाले घेऊ नका. निळा थर पिवळा-तांबडा उजेड शोषून घेतो, म्हणजे पांढरेपणासाठी तुम्ही उजेडच गमावता.

आणि हेडलाइटची बाहेरची काच? पिवळी पडली आहे का?

निशिगंध

काच नाही, पॉलिकार्बोनेट आहे, आणि हो, वरच्या अर्ध्या भागात पिवळट, खरखरीत.

दीपस्तंभ

मग ते आधी. ८०० च्या पाणकागदापासून (ओला करून घासायच्या पॉलिश पेपरपासून) सुरुवात करून १५००, २०००, ३००० पर्यंत जा, पाणी भरपूर वापरा, प्रत्येक टप्प्याला हात आडवा-उभा बदला म्हणजे आधीचे ओरखडे निघाले की नाही ते कळतं. शेवटी पॉलिश. आणि त्यावर अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर मारल्याशिवाय काम संपवू नका. कारखान्यातला थर तुम्ही घासून काढलेला असतो, उघडं प्लॅस्टिक थोड्याच काळात पुन्हा पिवळं पडतं. खरखरीत काच उजेड नुसता कमी करत नाही, तो वरही उधळते. समोरच्याला त्रास त्यानेही होतो.

आता झेनॉनची बाजू मांडतो, कारण मी त्याचा चाहता आहे आणि वर वाचून कोणाला झेनॉनच वाईट वाटायला नको. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये तो पहिल्यांदा डिपरला आला. १९९९ मध्ये मर्सिडीजच्या सीएलमध्ये एकाच नळीवर डिपर-अप्पर दोन्ही करणारा बाय-झेनॉन आला. चांगल्या बाय-झेनॉन प्रोजेक्टरचा झोत बघाल तर रेघेखालचा उजेड शेवटपर्यंत एकसारखा, कडेची झाडं बुंध्यापर्यंत स्पष्ट, आणि समोरच्याच्या डोळ्यांत काही नाही. हॅलोजन त्याच्या जवळपासही जात नाही.

पण ते सगळं मिळून एक दिवा असतो. नळी डी२एस असेल तर प्रोजेक्टरसाठी. रिफ्लेक्टरसाठी डी२आर, तिच्या काचेवर काळ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात, एच४ मधल्या वाटीचं काम करणाऱ्या, आणि उजेड २,८०० ल्युमेन. बाहेरच्या काचेत अतिनील किरण अडवायची सोय. भुरट्या किटांच्या नळ्यांत हीच सोय वगळतात, मग हेडलाइट आतून करपतो. नियमाने २,००० ल्युमेनच्या वरचा स्रोत असेल तर झोत आपोआप वरखाली करणारी यंत्रणा आणि हेडलाइट धुणारे फवारे दोन्ही लागतात. कारण साधं आहे. मागे माणसं आणि सामान भरलं, गाडीचं नाक एक अंश वर झालं, की ५० मीटरवर झोत ८७ सेंटिमीटर वर चढतो, थेट चालकाच्या डोळ्यांत. आणि चिखल उडालेली काच उजेड सगळीकडे विखुरते. याच अटीमुळे पुढे २५ वॉटचा, बरोबर २,००० ल्युमेनचा डी५एस निघाला.

निशिगंध, तुमच्या गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी झेनॉन देत असेल तर तोच अख्खा हेडलाइट, दोन्ही बाजूंचे, लेव्हलिंगच्या सेन्सरसकट आणि फवाऱ्यांसकट घेणं हा सरळ मार्ग. गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये तशी नोंदही करून घ्यावी लागते.

दुसरा मार्ग प्रोजेक्टर आत बसवायचा. हेडलाइट १०० अंशांच्या आसपास तापवून ब्यूटाइलचा डिंक मऊ करायचा, काच वेगळी करायची, आत बाय-झेनॉन प्रोजेक्टर बसवायचा. बसवण्यापेक्षा सरळ रेषेत आणण्यात खरी मेहनत आहे. दोन्ही बाजूंच्या रेघा भिंतीवर समांतर, समान उंचीला आणि जराही तिरक्या नकोत, आणि हे सगळं काच परत चिकटवायच्या आधी तपासायचं. मग डिंक पुन्हा तापवून नीट बंद करायचं, हवेची भोकं बुजवायची नाहीत, नाहीतर आत दव धरतं. काही हेडलाइट कायमचे चिकटवलेले असतात, ते उघडतच नाहीत. काम उत्तम झालं तरी दिव्याची मूळ मान्यता गेलेली असते, आणि बऱ्याच ठिकाणी गाडी तपासणीत अडते. हे माहीत असूनच करायचं.

मान्यतेवरून आठवलं. हेडलाइटच्या काचेवर वर्तुळात ई अक्षर आणि शेजारी एक आकडा असतो, त्याच्या आसपास अक्षरं शोधा. एचसी म्हणजे हॅलोजन डिपर, एचआर हॅलोजन अप्पर, एचसीआर दोन्ही. झेनॉनच्या दिव्यावर एचच्या जागी डी येतो, डीसी, डीआर, डीसीआर. तुमचा दिवा कशासाठी तपासून पास झालाय ते तिथेच कोरलेलं असतं.

भरधाव

माझ्यावर एचसी आणि एचआर आहे, आत्ताच टॉर्च घेऊन बघितलं. लेव्हलिंग डॅशवरच्या चाकाने हाताने करायचं आहे, फवारे नाहीत. दीपस्तंभ, माझ्या मॉडेलला कंपनीचा झेनॉन हेडलाइट निघतो का ते शोधतो. तोपर्यंत एच७ परत घालतो. नळ्या जुन्या झाल्यात, एकीचा रंग गुलाबीकडे झुकलाय, टाकून देऊ ना?

दीपस्तंभ

कचऱ्यात नको. डी१ आणि डी२ जातीच्या नळ्यांत पारा असतो, डी३ आणि डी४ बिनपाऱ्याच्या. पारा आहे असं धरूनच इलेक्ट्रॉनिक कचऱ्याकडे द्या. काढताना दिवे आणि इग्निशन बंद, थोडा वेळ जाऊ द्या, मगच कनेक्टरला हात लावा. २० हजार व्होल्ट ही चेष्टा नाही. नव्या घेताना कधीही जोडीनेच, कारण वापराने रंग सरकत जातो आणि एक नवी, एक जुनी कधी जुळत नाहीत.

वळणवाट

आणि एलईडीचे बल्ब? ते तर त्याच खाचेत बसतात आणि बॅलास्टही नाही.

रातवा

कारण तेच. तार चारी बाजूंना उजेड टाकते, एलईडीच्या चकत्या पट्टीच्या दोन बाजूंना. काही चांगले बल्ब तारेची जागा बरीच जवळून साधतात. जर्मनीत २०२० पासून अशा काही एलईडी बल्बना मान्यता मिळाली, पण ती चाचणी करून यादीत घेतलेल्या ठराविक गाड्यांच्या ठराविक हेडलाइटपुरती. तिथेही बल्ब आणि दिवा ही जोडी तपासली गेली, नुसता बल्ब नाही.

निशिगंध

अर्थिंग घासून, गंज काढून नवीन तार दिली. रिलेचं वायरिंग झालं. आता दोन्ही बल्बवर १३.५. काच घासून वर थर मारला. काल रात्री त्याच रस्त्याने गेले. पट्टा दिसतो, आणि कडेच्या मैलाच्या दगडांवरचे आकडे आधीच्यापेक्षा बरेच लांबून वाचता येतात. ओल्या रस्त्यावर अजून बघायचंय.

कंपनीचा झेनॉन हेडलाइट माझ्या मॉडेलला नाही, म्हणून तो विषय सध्या बाजूला. फोकस मात्र लावायचा राहिलाय. स्क्रू कोणीतरी आधी फिरवलेले दिसतात, डावा झोत उजव्यापेक्षा खाली आहे. घरी जमेल का?

ओहमचा_नियम

जमेल. सपाट जागा आणि समोर भिंत हवी. टायरमधली हवा बरोबर, टाकी भरलेली, आणि चालकाच्या सीटवर कोणीतरी बसलेलं. डॅशवर चाक असेल तर ते शून्यावर.

आधी गाडी भिंतीला अगदी चिकटून उभी करा आणि दोन्ही बल्बच्या मध्याच्या समोर भिंतीवर खुणा करा. मग सरळ मागे १० मीटर या. हेडलाइटच्या घरावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर किती टक्के उतार ठेवायचा ते छापलेलं असतं, बऱ्याचदा १ किंवा १.२. तेवढे सेंटिमीटर गुणिले १० इतकं खाली दोन्ही खुणांच्या खाली आडवी पट्टी चिकटवा. डिपर लावा, एक दिवा झाकून दुसरा बघा. रेघेचा सपाट भाग पट्टीवर आणि रेघ जिथून वर चढते ते वळण बरोबर खुणेच्या खाली यायला हवं. आधी उंचीचा स्क्रू, मग आडवा, मग पुन्हा उंची, कारण एक फिरवला की दुसरा थोडा हलतो. शेवटचा फेरा नेहमी आवळण्याच्या दिशेने घ्या, सैल करत थांबलात तर धक्क्यांनी झोत खाली बसतो.

मागे चार माणसं आणि सामान असेल त्या दिवशी डॅशवरचं चाक फिरवायला विसरू नका. चाक नसेल तर सामान भरल्यावर एकदा याच भिंतीसमोर झोत बघून घ्या, रेघ किती वर जाते ते कळेल.

निशिगंध

चाक आहे, ० ते ३. आजवर त्याला हात लावला नव्हता. रविवारी भिंतीसमोर बसते आणि वळण नेमकं कुठे येतं त्याचा फोटो इथे टाकते.